"तुमचं मूल आमच्याकडे नाही बसणार" हे वाक्य शाहूंच्या कोल्हापुरात आलं कुठून?

६ मे २०२२. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली, त्या दिवशी सकाळी दहा वाजता अख्खं कोल्हापूर शंभर सेकंद थांबलं. रिक्षा थांबल्या, केएमटी थांबली, दुकानदार गल्ल्यावरून उठून उभे राहिले. मी दसरा चौकात होतो. शेजारी माझा भाचा, तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला शंभर सेकंद गप्प उभं राहता येत नाही. तो डुलत होता, बोटं डोळ्यांसमोर नाचवत होता, मधेच त्यानं एक लांब 'ऊंऽऽ' काढला. दोन-चार जणांनी वळून बघितलं. एक म्हातारबाबा हळूच म्हणाले, "असू द्या, असू द्या. महाराजांना चालतंय."

त्याच वर्षी जुलैत त्याच्या शाळेनं माझ्या बहिणीला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "ताई, तुमचं मूल आमच्याकडे नाही बसणार. इतर मुलांच्या सेफ्टीचा प्रश्न आहे."

शाळेचं नाव लिहीत नाही. हा एका शाळेचा प्रश्न असता तर मी एवढं लांबलचक लिहायला बसलोच नसतो.

काय झालं होतं तेही सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. भाच्याला ऑटिझम आहे, मराठीत स्वमग्नता म्हणतात. पावसाचा दिवस, मधली सुट्टी, सगळी पोरं वर्गातच, बाकं ओढल्याचा आवाज, त्यात घंटा. त्यानं कानावर हात घेतले, ओरडला आणि शेजारच्या मुलीला ढकललं. तिचं कपाळ बाकावर आपटलं, दोन टाके पडले. त्या मुलीच्या आईचा राग मला आजही चुकीचा वाटत नाही. माझी लेक असती तर मीही शाळेत जाऊन आवाज चढवला असता.

बहीण घरी आली आणि एकच म्हणाली, "दादा, मग ह्यानं बसायचं कुठं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी इतिहासात शिरलो. मी काही इतिहासकार नाही. पण कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाच्या कानावर 'शाळा' आणि 'सक्ती' हे दोन शब्द एकत्र पडले की तो १९१७ सालाला जाऊन पोचतोच.

*

दंड आईबापाला, पण हमी कुणाची?

प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, ही मागणी महात्मा फुल्यांनी १८८२ ला हंटर आयोगापुढं मांडली. सरकारनं ऐकलं नाही. बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ ला अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ ला तो सगळ्या संस्थानाला लागू केला. १९११ ला गोखल्यांनी कायदेमंडळात विधेयक आणलं, ते पडलं. १९१७ ला शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पुढच्या वर्षी चिखलीत या कायद्याखालची पहिली शाळा सुरू झाली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड.

दंडाची ही गोष्ट आपण फार कौतुकानं सांगतो. दर २६ जूनला भाषणात येते. पण तिचा दुसरा भाग सांगायचा राहून जातो. ज्या राजानं आईबापाला "पाठवलंच पाहिजे" म्हटलं, त्यानं "मग आम्ही घेतलंच पाहिजे" असं स्वतःलाही बांधून घेतलं. सक्ती एकतर्फी नसते. रयतेकडून रुपया दंड घ्यायचा आणि पोर दारात आलं की "जागा नाही" म्हणायचं, असं चालत नाही. म्हणून फी माफ झाली, शाळा काढाव्या लागल्या, मास्तर नेमावे लागले.

आणि नुसतं घेऊन भागत नाही, हे महाराजांना त्याच्याही आधी कळलं होतं. १९०१ ला मराठा बोर्डिंग निघालं, जैन बोर्डिंग निघालं. मग मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. आजही दसरा चौकात उभं राहिलात तर या बोर्डिंगांच्या इमारती दिसतात. बोर्डिंग कशाला लागलं? कारण खेड्यातल्या पोराला राजाराम हायस्कूलात प्रवेश मिळाला तरी राहायचं कुठं, जेवायचं कुठं, हा प्रश्न सुटल्याशिवाय तो प्रवेश कागदावरच राहतो. आजच्या भाषेत याला 'सपोर्ट' म्हणतात. महाराजांनी त्याला बोर्डिंग म्हटलं.

*

वेगळी शाळा बंद

आता १९१९. तोवर संस्थानात अस्पृश्यांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. त्या काढल्या तेव्हा तेही पुढचंच पाऊल होतं, कारण आधी काहीच नव्हतं. पण ३० सप्टेंबर १९१९ च्या हुकमानं महाराजांनी त्या वेगळ्या शाळा बंद करायला लावल्या. मुलं सरकारी शाळेतच बसतील, सगळ्यांबरोबर बसतील. त्याच सुमाराच्या आणखी एका हुकमात शाळा आणि दवाखान्यातल्या नोकरांना बजावलं होतं की अस्पृश्यांना समतेनं वागवा, ज्याला हे जमणार नसेल त्यानं सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, पेन्शन मिळणार नाही.

हे दोन हुकूम शेजारी ठेवून बघा. पहिला मुलाला आत घेतो. दुसरा सांगतो की आत आल्यावर त्याचं काय होतं याला जबाबदार कोण. मुलगा नाही, त्याचा बाप नाही. मास्तर, अधिकारी, म्हणजे संस्था.

आता गंगाराम कांबळेंची गोष्ट. कोल्हापुरातल्या पोराटोरांना माहीत आहे, तरी परत सांगतो. गंगाराम राजवाड्याच्या पागेत नोकर होते. उच्चवर्णीयांच्या हौदाला शिवले म्हणून इतर नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराजांना कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. मग स्वतः त्या हॉटेलात जाऊन चहा प्यायले, बरोबरच्यांनाही प्यायला लावला.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेन. पण बहिणीच्या प्रश्नानंतर ती वेगळी ऐकू आली. त्या दिवशी महाराजांना सोपा मार्ग होता. "गंगाराम, तुझ्याच सुरक्षिततेसाठी तू काही दिवस हौदापासून लांब राहा." भांडण मिटलं असतं, पागेत शांतता राहिली असती. महाराजांनी ते केलं नाही. जागा असुरक्षित असेल तर जागा सुधारायची, माणसाला बाहेर काढायचं नाही, एवढंच त्यांनी दाखवलं.

इथं कुणी चुकीचा अर्थ काढू नये म्हणून स्पष्ट लिहितो. जात आणि अपंगत्व एक नाही. जातीचा अन्याय माणसानं रचलेला आहे, त्याचा इतिहास वेगळा, जखम वेगळी. महाराजांचा कायदा आजच्या अर्थानं दिव्यांग मुलांचा कायदाही नव्हता. मी फक्त एवढंच म्हणतोय की "कुणाला आत घ्यायचं आणि आत घेतल्यावर जबाबदारी कुणाची" या प्रश्नाचं उत्तर या गावात शंभर वर्षांपूर्वी देऊन झालंय. ते आपण विसरलोय.

*

मग ही मुलं होती कुठं?

सक्तीच्या शिक्षणाच्या जुन्या कायद्यांत एक फट असायची. आजारपण, अशक्तपणा असं 'वाजवी कारण' असेल तर मूल शाळेत नसलं तरी चालायचं. वाचायला हे दयाळू वाटतं, दंड माफ. पण त्याचा दुसरा अर्थ असा की या मुलांना घ्यायची सक्ती शाळेवरही नव्हती. दंड माफ झाला आणि त्याबरोबर हक्कही माफ झाला.

ही फट भरून काढली ती धर्मादायानं आणि आईबापांनी. मुंबईत माझगावला मूकबधिर मुलांची शाळा १८८५ च्या सुमारास बिशप मेउरिन यांच्या पुढाकारानं निघाली. अंध मुलांसाठी अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी १९०० ला मुंबईत शाळा काढली, दुष्काळात उघड्यावर पडलेली पोरं तिच्यात होती. मतिमंद मुलांसाठी मुंबईत १९४४ ला जय वकील शाळा निघाली, एका आईबापाच्या स्वतःच्या मुलीच्या गरजेतून. पुण्यात १९६४ ला कामायनी. १९७२ ला मिठू अलूर यांनी मुंबईत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची शाळा सुरू केली, तीही मुलीच्या आईच्याच नात्यानं. यादी बघितलीत? बहुतेक ठिकाणी सुरुवात कुणी केली, तर ज्याच्या घरात मूल होतं त्यानं किंवा मिशननं. नेहमीच्या शाळेनं नाही.

कोल्हापूरचंही तेच. नसीमादीदी हुरजूक ऐन सोळा-सतराव्या वर्षी कमरेखाली लुळ्या झाल्या. बाबूकाका दिवाण हे स्वतः व्हीलचेअरवर असलेले गृहस्थ, त्यांनी दीदींना उभारी दिली. पुढं १९८४ ला दीदींनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. उचगावला 'घरौंदा' वसतिगृह झालं, कारण खेड्यातल्या अपंग पोराला शाळेपर्यंत पोचायचंच कसं हा पहिला प्रश्न होता. बघा, परत बोर्डिंगच! त्याच आवारात समर्थ विद्यामंदिर झालं, तिथं अपंग आणि धडधाकट मुलं एकाच वर्गात बसतात. पायऱ्यांच्या जागी उतार, रुंद दारं, व्हीलचेअर आत जाईल असं संडास-बाथरूम. त्यांचं 'चाकाची खुर्ची' वाचलं नसेल तर वाचा. शेंडा पार्कात मतिमंद मुलांसाठी 'चेतना' उभी राहिली, शहरात मूकबधिर विद्यालय आहे, अंधशाळा आहे.

या सगळ्या लोकांपुढं मी हात जोडतो. त्यांनी केलं नसतं तर दोन पिढ्या घराच्या माडीवर कोंडून पडल्या असत्या. काही मुलांना आजही अशा खास शाळेचीच गरज आहे, हेही खरं. पण त्यांच्या चांगुलपणाचा एक दुष्परिणाम झाला, त्यात त्यांचा दोष नाही. नेहमीच्या शाळांना एक आयतं वाक्य मिळालं. "ताई, अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात ना, तिकडं बघा की."

सरकारी व्यवस्थेनं त्या वाक्यावर शिक्का मारला. नेहमीच्या शाळा शिक्षण खात्याकडं, अपंगांच्या खास शाळा समाजकल्याण खात्याकडं. आता डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण हा वेगळा विभाग आहे. म्हणजे एका मुलाचं शिक्षण हे शिक्षण, आणि दुसऱ्या मुलाचं शिक्षण हे कल्याण. बहिणीनं दोन्हीकडं खेटे घातले. इकडं म्हणाले तिकडं विचारा, तिकडं म्हणाले इकडं.

*

कायदा काय म्हणतो, सोप्या भाषेत

१९७४ ला केंद्रानं पहिल्यांदा अपंग मुलांना नेहमीच्या शाळेत घेण्याची योजना आणली. १९९५ ला अपंगांचा कायदा झाला, अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण म्हटलं. पण त्या कायद्यात सातच प्रकार होते आणि त्यात ऑटिझम नव्हता. माझा भाचा १९९५ च्या कायद्याला दिसतच नव्हता.

२००९ ला शिक्षण हक्क कायदा आला. त्याचं कलम १६ सांगतं की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घालतं. २०१२ ला त्यात दुरुस्ती करून अपंग मुलांचा स्पष्ट समावेश केला आणि तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा हक्क दिला. हक्क त्या मुलाचा आहे. शाळेला नको झालेलं मूल घरी पाठवायची ती सवलत नाही. पण व्यवहारात काय होतं ते ज्यांच्या घरात मूल आहे त्यांना विचारा.

मग २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. सातचे एकवीस प्रकार झाले, ऑटिझम आत आला, अध्ययन अक्षमता आली. कलम १६ मध्ये मान्यताप्राप्त शाळांनी काय करायचं याची यादीच आहे. भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी, सगळ्यांना वापरता येईल अशी इमारत, वाचन-लेखनाच्या अडचणी लवकर ओळखणं, प्रत्येक मुलाच्या प्रगतीवर लक्ष ठेवणं. मान्यताप्राप्त म्हणजे खासगीही. "आम्ही विनाअनुदानित आहोत" हे उत्तर चालत नाही.

१९१७ ला बोट आईबापाकडं होतं. १०० वर्षांत ते फिरून शाळेकडं आलं. कागदावर तरी.

*

आता सुरक्षिततेचं बोलू

हा विषय टाळून चालणार नाही. ज्या मुलीला टाके पडले तिलाही सुरक्षित वर्गाचा हक्क आहे, आणि तो माझ्या भाच्याच्या हक्कापेक्षा तसूभरही कमी नाही.

पण आधी धोका कुठून येतो ते बघू. २०१२ ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा आला. अपंग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट असते, असं त्यात दिसलं. आपण ज्याला 'धोकादायक मूल' म्हणतो ते आकड्यांत बघितलं तर सगळ्यात जास्त धोक्यात असलेलं मूल आहे. ते सांगू शकत नाही, सांगितलं तर कुणी खरं मानत नाही. म्हणूनच पोक्सो कायदा मुलाच्या अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला अत्याचार जास्त गंभीर मानतो, आणि अशा मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची मदत घ्यायची तरतूद करतो.

दुसरं, वर्गातला धोका बऱ्याचदा मुलाकडून नाही, मोठ्यांकडून येतो. २०१७ च्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यात, चंदगड तालुक्यात, आठवीतल्या एका मुलीला गृहपाठ केला नाही म्हणून पाचशे उठाबशांची शिक्षा दिली गेली आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. बातमी देशभर गेली होती. शिक्षा बंदीचा कायदा होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. तिथं कुठलं विशेष मूल नव्हतं. असुरक्षित होती ती पद्धत.

तिसरं, इमारत. २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेला आग लागून ९४ मुलं गेली. त्यानंतर चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००९ ला सांगितलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. आता तुमच्या शाळेत जाऊन बघा. कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे का? आग लागली, भूकंप झाला, तर तिला खाली कोण आणणार, हे ठरलंय का? उतार, कठडा, मोकळा जिना हे 'अपंगांसाठी' म्हणून बांधतात, पण पळापळीत ते सगळ्यांच्या पोरांना वाचवतात.

बदलापूरच्या घटनेनंतर २०२४ ला सीसीटीव्हीचा आदेश निघाला, सखी सावित्री समित्या त्याच्या आधीपासून कागदावर आहेत. कॅमेरा हवाच. पण कॅमेरा झाल्यावर दाखवतो, होण्याआधी थांबवत नाही. माझ्या भाच्यानं ढकललं ते कॅमेऱ्यात अगदी स्वच्छ दिसलं असतं. त्याच्या आधीची दहा मिनिटं, बाकांचा आवाज, कानावर घेतलेले हात, त्याच्याकडं बघायला कुणीच नव्हतं, हे कुणी बघितलं असतं?

*

बाईंची बाजू

ही पोस्ट वाचणारे शिक्षक असतील तर ते एव्हाना चिडले असतील. बरोबर आहे. एका वर्गात पन्नास पोरं, त्यात पोषण आहार, त्यात ऑनलाइन माहिती भरा, त्यात निवडणूक, त्यात सर्वेक्षण. बीएड-डीएडला या मुलांबद्दल एखादा पेपर असतो, तो पाठ करून लिहिला की संपला. भाच्याच्या त्या बाई वाईट नव्हत्या. घाबरल्या होत्या. त्यांच्या हाताशी कुणीच नव्हतं. "तुमचं मूल नाही बसणार" हे वाक्य मुख्याध्यापकांनी उच्चारलं, पण ते लिहिलं होतं रिकाम्या ठेवलेल्या पदांनी.

ऑक्टोबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रमाण घालून दिलं. अशी दहा मुलं असतील तर प्राथमिकला एक विशेष शिक्षक, आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागं एक. मार्च २०२५ ला त्याच प्रकरणात राज्यांना परत आदेश द्यावे लागले की पदं मंजूर करा, भरा. महाराष्ट्रानं २०२४ ला ४,८६० विशेष शिक्षकांची पदं निर्माण केली, केंद्रामागं एक. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्या विशेष शिक्षकांना त्यात घ्यायचं ठरलं. ही चांगली गोष्ट झाली, तिचं स्वागतच. पण एका केंद्रात दहा-बारा शाळा असतात. एक शिक्षक आठवड्याला किती शाळा फिरणार? शुक्रवारी येणारा विशेष शिक्षक मंगळवारच्या पावसात त्या वर्गात कसा असेल?

महाराजांनी १९१९ ला मास्तरांना जमत नसेल तर राजीनामा द्या म्हटलं, तेव्हा त्यांनी आधी बोर्डिंगं उभी केली होती, शिष्यवृत्त्या दिल्या होत्या. आज आपण शिक्षकाला हुकूम देतो आणि हात रिकामे ठेवतो. हुकूमही हवा, माणूसही हवा. यातलं एकच दिलं तर ते मुलावरच उलटतं.

*

भाच्याचं पुढं काय झालं?

वर्षभर घरी होता. मग महापालिकेच्या एका शाळेत घेतलं. तिथल्या बाईंनी काही मोठी जादू केली नाही. त्याचं बाक दाराजवळ, भिंतीच्या कडेला ठेवलं. दिवसभरात काय काय होणार याची चित्रं एका पुठ्ठ्यावर लावून दिली, प्रार्थना, गणित, डबा, खेळ, घर. घंटा व्हायच्या दोन मिनिटं आधी त्याला खुणेनं सांगायच्या. बाकांच्या पायांना जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे बसवले, आवाज बंद. त्याला असह्य झालं की मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या कट्ट्यावर पाच मिनिटं बसायची परवानगी. आणि एक वही. प्रत्येक वेळी चिडला की त्यात तीन गोष्टी लिहायच्या, आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. महिन्याभरात वहीनंच सांगितलं की दहापैकी आठ वेळा कारण आवाज होतं.

त्या शाळेत त्यानं आजवर कुणाला ढकललेलं नाही. उद्या ढकलणारच नाही अशी हमी मी देत नाही, कुणाच्याच पोराची देता येत नाही. पण ट्यूबचे तुकडे बसवल्यावर सगळाच वर्ग शांत झाला, बाईंचा घसा बसायचा थांबला. त्याला मिळालेला आधार आणि बाकीच्या पोरांची सुरक्षितता या दोन गोष्टी नव्हत्याच. ती एकच गोष्ट होती.

*

शेवटी एकच विनंती.

तुमचं मूल धडधाकट असेल तरी ही पोस्ट तुमच्यासाठीच आहे. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. जूनच्या बैठकीत चार प्रश्न विचारा. आपल्या शाळेत विशेष गरजा असलेली मुलं किती आहेत आणि प्रत्येकाचा लेखी आराखडा आहे का? विशेष शिक्षक कोण, कुठल्या वारी येतात? काही अनुचित घडलं तर ते कुठं नोंदवतात, आणि त्यात 'आधी काय झालं' हा रकाना आहे का? आग लागली तर जिना न उतरता येणाऱ्या मुलाला कोण आणणार, नाव काय त्या माणसाचं? खासगी शाळा असेल तर पालक सभेत विचारा, तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या.

ज्या घरात असं मूल आहे त्यांना "मूल नेऊन ठेवा" असं तोंडी सांगितलं जातं. शाळेला म्हणा, हे लिहून द्या. कायद्यानं असं लिहून देता येत नाही, म्हणून शाळा देत नाही. तिथंच निम्मी लढाई होते.

भाचा आता बारा वर्षांचा आहे. परवा दसरा चौकातून जाताना त्यानं महाराजांच्या पुतळ्याकडं बोट दाखवलं आणि स्वतःहून दोन शब्द बोलला, "शाळा. महाराज." बाईंनी पुठ्ठ्यावर २६ जूनला महाराजांचं चित्र लावलं होतं म्हणे. शंभर सेकंद तो आजही गप्प उभा राहत नाही. महाराजांना चालतंय. आपल्याला चालतंय का, तेवढं बघायचं.

तुमच्या घरातला, तुमच्या वर्गातला अनुभव असेल तर खाली लिहा. शिक्षक असाल तर जरूर लिहा, शिव्या घातल्यात तरी चालतील. फक्त कुणाच्या मुलाचं आणि शाळेचं नाव टाकू नका.